इग्वानाचें ऊन आणि अन्न

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील कांहीं घरांत कुत्र्या-मांजरांच्या जोडीला हल्लीं एक निराळाच प्राणी दिसूं लागला आहे. त्याचें नांव हिरवा इग्वाना. सरड्याच्या जातीचा हा प्राणी मूळचा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण अरण्यांतला. नदीकांठच्या उंच झाडांवर राहावें, सकाळीं ऊन घ्यावें, मग पाला खावा आणि पुन्हां उन्हांत पडून तो पचवावा, असा त्याचा दिनक्रम. विकत आणतांना तो वीतभर असतो; परंतु चांगली निगा राहिली तर शेपटासह दीड मीटरपर्यंत वाढतो आणि पंधरा-वीस वर्षें जगतो. दुर्दैवानें पाळलेल्या इग्वानांपैकीं पुष्कळांच्या वांट्याला इतकें आयुष्य येत नाहीं. त्यांच्यापुढें अन्नाची वाण नसते. वाण असते ती उन्हाची.

प्राण्याचा आणि उन्हाचा हा संबंध कसा, तें पाहिलें पाहिजे. सूर्यप्रकाशांत डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांपैकीं सुमारें २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण कातडीवर पडले म्हणजे तेथें ‘ड’ जीवनसत्त्व तयार होऊं लागतें. हें जीवनसत्त्व असेल तरच अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतून रक्तांत शिरतें. तें नसेल तर गळ्याजवळील ग्रंथि रक्ताची गरज भागविण्यासाठीं हाडांतलेंच कॅल्शियम काढून घेतात. उन्हावांचून वाढणाऱ्या मुलांना होणारा मुडदूस सर्वांच्या परिचयाचा आहे; इग्वानाचा हा रोग त्याचाच भाऊबंद होय.

हा रोग मोठा फसवा आहे. हाडें मऊ पडूं लागलीं म्हणजे शरीर त्यांच्याभोवतीं तंतूंचा थर चढवितें आणि मांड्या भरल्यासारख्या दिसतात. मालकाला वाटतें, जनावर बाळसें धरीत आहे! पुढें खालचा जबडा मऊ पडतो, बोटें थरथरतात, पाय ओढले जातात, आणि एखाद्या लहानशा उडीनेंही हाड मोडतें. वेळींच पशुवैद्याला दाखवून उपचार केल्यास रोग थांबूं शकतो. परंतु वांकलेलें हाड पूर्ववत् सरळ होत नाहीं.

मग उपाय कोणता? पिंजरा खिडकीशीं ठेवला म्हणजे झालें, असें पुष्कळांना वाटतें. परंतु खिडकीच्या कांचेंतून उजेड व ऊब आंत येते. हे उपयुक्त किरण मात्र जवळजवळ सगळे कांचेंतच अडतात. उलट कांचेची पेटी उन्हांत ठेवली तर थोड्याच वेळांत तिची भट्टी होते. सकाळचें कोवळें ऊन जाळीच्या पिंजऱ्यांत, अर्ध्या भागावर सावली धरून आणि जवळ माणूस बसवून द्यावें. जेथें ऊन पोंचत नाहीं, तेथें अतिनील किरण देणारी खास नळी दररोज सुमारें बारा तास लावावी. दिवा व प्राणी यांच्यामध्यें कांच किंवा प्लास्टिक असूं नये. ही नळी डोळ्यांना उजळ दिसत असली तरी तिचे उपयुक्त किरण आधींच क्षीण होतात. म्हणून बनविणाराच्या सूचनेप्रमाणें ती सहा महिन्यांपासून वर्षाच्या आंत बदलावी. रात्रीं अंधार हवा.

किरणांइतकीच ऊबही महत्त्वाची आहे. इग्वाना स्वतःच्या शरीरांत पुरेशी उष्णता निर्माण करीत नाहीं. आणि पाला पचविणारे त्याच्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतु उबेवांचून काम करीत नाहींत. यासाठीं पिंजऱ्याच्या एका टोंकाला ३५ ते ३८ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोंकाला २६ ते २९ अंश तापमान असावें, म्हणजे प्राणी आपली जागा आपणच निवडतो. उष्णता वरून द्यावी; विजेवर तापणारे दगड ठेवल्यास पोट भाजतें. हा वृक्षवासी प्राणी असल्यामुळें पिंजरा माणसाच्या उंचीइतका, आडव्या जाड फांद्या असलेला हवा. हवेंत सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा राहावा व डुंबण्यापुरतें पाणी असावें.

आतां आहाराविषयीं. इग्वाना केवळ पाल्यावर जगणारा प्राणी आहे. अंडीं, मांस किंवा मांजरांचें तयार खाद्य दिल्यास त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. शेवग्याचा पाला, मोहरीचीं कोवळीं पानें, जास्वंदीचीं पानें व फुलें हें त्याचें उत्तम अन्न होय. मात्र त्यांवर कीटकनाशक फवारलेलें नसावें. लाल भोपळ्याचा कीस चालतो, फळें अल्प द्यावीं. पालक पौष्टिक खरा, परंतु त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतें, म्हणून तो रोज देऊं नये. अन्नांत कॅल्शियम हें फॉस्फरसच्या दुप्पट असावें. मात्र ऊन नसेल तर उत्तमांत उत्तम पालाही निष्फळ ठरतो, हें विसरून चालणार नाहीं.

घरच्या मंडळींनीं प्राण्याला हाताळल्यावर साबणानें हात धुवावे. त्याच्या आंतड्यांत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात आणि लहान मुलांना त्यांपासून विशेष धोका असतो.

कायद्याचीही माहिती हवी. ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत इग्वानाचा समावेश आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत २०२२ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतर असा प्राणी बाळगणारास सरकारदरबारीं नोंद करावी लागते. आपल्याकडील घोरपड तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. ती पकडणें वा पाळणें गुन्हाच होय. कंटाळा आला म्हणून इग्वानाला बाहेर सोडून देणेंही उचित नाहीं. फ्लॉरिडांत व पोर्टो रिकोंत निसटलेल्या व सोडलेल्या इग्वानांची संतति अतोनात वाढून तेथील शेतीला व वनस्पतींना उपद्रव झाला आहे.

तात्पर्य, वीतभर पिलाची किंमत हा या व्यवहारांतला सर्वांत लहान खर्च आहे. माणसाएवढा पिंजरा, वरचेवर बदलावयाची नळी, रोजचा ताजा पाला आणि पंधरा वर्षांची देखभाल यांचा हिशेब आधीं मांडावा. तो जमत असेल त्यानेंच इग्वाना घरीं आणावा. जमत नसेल त्यानें तो दुकानांतच राहूं द्यावा. मुक्या प्राण्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं, आणि हा प्राणी तर तें गुबगुबीत मांड्यांआड लपवितो.