तोंडी ठेका आणि अडलेलं घर

ओतूरकडच्या एक ताई मध्यंतरी माझ्याकडे आल्या. त्यांच्या यजमानांनी आळेफाट्यावर चहा घेता घेता घराचा ठेका दिला होता. मालासकट, स्क्वेअर फुटाच्या दराने. जोतं झालं, कॉलम उभे राहिले आणि ठेकेदार यायचा बंद झाला. वर निघालेल्या सळया पावसात गंजत होत्या. “कागदच नाही हो साहेब,” ताई म्हणाल्या.

कागद नाही म्हणजे करार नाही, असं समजू नका. 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. प्रश्न येतो तो काय ठरलं होतं हे दाखवण्याचा. ताईंनी पिशवीतून शाळेची वही काढली. पानोपानी तारीख, उचल आणि समोर ठेकेदाराची सही. एका ठिकाणी ‘स्लॅबसाठी’ असंही लिहिलेलं. अहो, हाच तर पुरावा! फोनवरून दिलेले पैसे, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ठेका ठरताना हजर असलेले भाऊबंद, हेही कामाला येतात. मेसेज मात्र पुसू नका.

रागाच्या भरात लगेच दुसरा मिस्त्री लावू नका. पहिल्याने किती आणि कसं काम केलं, ते मग कळायचं कसं? आधी फोटो काढा, इंजिनिअरकडून मोजमाप करून लेखी अहवाल घ्या. मग ठेकेदाराला पत्र पाठवा: काय ठरलं, किती दिले, काय राहिलं. पोस्टाची पोच जपून ठेवा. पुष्कळदा तो उत्तरात “पैसे मिळाले, पण...” असं लिहितो आणि तिथेच ठेका कबूल होतो.

तरीही दाद नाही दिली, तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. घरबांधणी ही कायद्याने सेवा आहे. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. आपल्या सांगण्याप्रमाणे रोजावर राबणाऱ्या गवंड्याची गोष्ट वेगळी. तिथे हा मार्ग चालत नाही. जुन्नर किंवा घोडेगावच्या दिवाणी न्यायालयात दावाही लावता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते. ताईंना हे ठाऊकच नव्हतं.

ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षांची, दिवाणी दाव्याची साधारण 3 वर्षांची. काम थांबलं त्या दिवसापासूनच ती मोजायला लागा. ठेकेदार “दिवाळीनंतर येतो” म्हणाला, तरी पत्र याच आठवड्यात टाका.