ठेवणीतला कपडा

पाऊस उघडला, की आपल्याकडे घरोघरी एक काम निघतं. कपाट उघडायचं. चार महिन्यांच्या ओलीनं कपड्यांना एक कुबट वास आलेला असतो, कुठे बुरशीचे ठिपके पडलेले असतात, एखाद्या शालीला कसर लागलेली असते. मग गच्चीवर, अंगणात, खिडकीच्या गजांवर सगळं उन्हाला पडतं. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठीच असावं. दिवाळी तोंडावर आलेली असते आणि घरात एकच विषय असतो : यंदा काय घ्यायचं?

मला वाटतं, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, आहे त्याचं काय करायचं?

आपल्या कपाटात दोन जातीचे कपडे असतात. एक वापरातले आणि दुसरे ठेवणीतले. ‘ठेवणीतला’ हा शब्द मला फार मराठी वाटतो. त्यात माया आहे, काटकसर आहे आणि थोडी भीतीही आहे. आज त्या दोन्हींविषयी बोलायचं आहे.

आधी वापरातल्यांविषयी. हा मोसम मोठा फसवा. दुपारी घामाच्या धारा, आणि दिवाळीनंतर पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. म्हणून कपडे असे हवेत, की एकावर एक चढवता यावेत, उतरवता यावेत. हिशेब सोपा आहे. चार सुती सदरे आणि तीन विजारी, सगळ्यांचे रंग एकमेकांना चालणारे असतील, तर बारा जोड होतात. त्यावर एक साधं जाकीट घेतलं, की जाकिटासह आणि जाकिटाशिवाय मिळून चोवीस. म्हणजे नग आठ आणि तऱ्हा चोवीस. भगिनींचंही तेच. एक काळं आणि एक मोतिया पोलकं नीट बेतून शिवलं, तर निम्म्या साड्यांचा प्रश्न सुटतो. नवा कपडा हातात घेतला, की मी मनात विचारतो, घरातल्या कुठल्या तीन कपड्यांबरोबर हा जाईल? तीन आठवले नाहीत, तर तो दुकानातच बरा. आणि किंमत पावतीवर पाहू नये, वापरावर पाहावी. सहाशेचा सदरा दोनदाच अंगावर आला, तर एका वेळेला तीनशे पडले. तीन हजारांचं जाकीट शंभरदा घातलं, तर तीसच.

पण नुसत्या साध्या कपड्यांनी कपाट भरत नाही. मन तर नाहीच भरत. एखादा कपडा असा हवा, की जो चारचौघांत आपल्या आधी बोलेल. ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण माझे अब्बा नेहमी म्हणायचे. अब्बा कचेरीत कारकून. दोन पांढरे सदरे आणि एक करडा कोट, एवढ्यावर त्यांची वर्षं गेली. मात्र त्यांच्याकडे दहा नूरवाला एक कपडा होता. निकाहाला शिवलेली हिमरूची शेरवानी. डाळिंबी रंग, त्यावर मोतिया बुट्टे.

हिमरू म्हणजे औरंगाबादचं कापड. २०२३ पासून या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण कापडाच्या तोंडी जुनंच नाव बसलंय. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली, तेव्हा त्या लोंढ्याबरोबर विणकरही इकडे आले, असं सांगतात. सोन्या-चांदीच्या तारांचं किनखाप राजेरजवाड्यांचं. हिमरूत सूत आणि रेशीम. ‘हम-रू’, म्हणजे त्याच्यासारखं दिसणारं, या फारसी शब्दावरून हे नाव पडलं, अशी एक व्युत्पत्ती देतात. उभा ताणा सुताचा आणि त्यावर रेशमी धाग्यानं फुलं, वेली, बुट्टे. उलट्या बाजूला रेशमाचे सुटे धागे दिसतात, आणि त्यांनीच कापडाला मऊपणा आणि ऊब येते. जवळच्याच पैठणची पैठणी याच्या उलट. तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

याच कापडाचं एक भावंड आहे, मशरू. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगाला लावू नये, असा आमच्यात दंडक. विणकरांनी त्यातून वाट काढली. वरून रेशीम दिसेल, पण कातडीला सूत लागेल, अशी वीण बसवली. मशरू म्हणजे शरियतला मान्य असलेलं. कपाट कसं असावं, हे मला या दोन कापडांनी शिकवलं. अंगाला लागतं ते साधं असावं, आणि त्याच्या आधारावर थोडंसं रेशीम चमकावं. सगळंच रेशीम झालं, तर काहीच दिसत नाही. कवितेतसुद्धा ठेवणीतला शब्द एखादाच खपतो.

आता अब्बांच्या शेरवानीचं पुढे काय झालं, ते सांगतो. त्यांनी ती घातलेली मला एकदाच आठवते. एरवी अम्मीनं ती मलमलीत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवली होती. दर ईदला अब्बा विचारायचे, “काढायची का?” आणि अम्मी म्हणायची, “इतना भारी कपडा है, रहने दो. किसी की शादी में पहनना.” लग्नं येत होती, जात होती. कधी ऊन फार, कधी गर्दी फार, कधी लग्न घरातलं नव्हे. १९९८ मध्ये अब्बा गेले. पाच वर्षांनी भाच्याच्या लग्नात ती मी घालावी, असं ठरलं. अम्मीनं स्वतः ट्रंक उघडली. पाला बदललेला होता, कसर लागलेली नव्हती. मी शेरवानी उचलली, आणि ती घडीघडीवर फाटत गेली. वर्षानुवर्षं तीच घडी, त्याच रेषेवर तोच ताण. अम्मी कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “पहन लेते तो अच्छा था.”

त्या दिवसापासून मला हिमरूचं दुखणंही कळलं. निजामाच्या राज्यात हिमरूच्या शेरवानीला मान होता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, पुढे शेरवानीची चाल मागे पडली, यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं. आज हातमागावर खरं हिमरू विणणारी घरं बोटांवर मोजावीत इतकी राहिली आहेत. आपण त्या कापडाचं कौतुक भरपूर करतो. घालत मात्र नाही. मागावरचं कापड अंगावर आलं, तरच मागावर पुढचं कापड चढतं.

तेव्हा या दिवाळीआधी एवढं करा. ठेवणीतलं जे काही असेल, पैठणी असो, इरकल असो, आजीची शाल असो, ते बाहेर काढा. कडक उन्हात नको, सावलीत वारं द्या. परत ठेवताना जुन्या रेषेवर घडी घालू नका, घडी बदला. जरीला अत्तर लागू देऊ नका, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. आणि मुख्य म्हणजे, त्यातला एक कपडा या मोसमात घाला. साध्या पांढऱ्या सदऱ्यावर घाला, सुती साडीवर घ्या. लग्नाची वाट पाहू नका.

ती शेरवानी मी आमच्या शिंप्याकडे नेली. त्यानं ती टेबलावर पसरली, बोटांनी चाचपली आणि म्हणाला, “जिथं घडी नव्हती, तिथं कापड शाबूत आहे.” तेवढ्यातून त्यानं मला एक बिनबाह्यांची बंडी शिवून दिली. ती घालून मी कविसंमेलनाला जातो आणि बँकेतही जातो. लोक कापडाला हात लावून पाहतात, विचारतात, मग मी अब्बांचं नाव सांगतो.

अम्मीकडेही एक हिमरूची शाल होती, तिच्या माहेरची. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तिनं ती ट्रंकेतून काढली आणि पहाटे दूध घ्यायला जाताना पांघरायला सुरुवात केली. बारा हिवाळे पांघरली. शेवटी तीही विरली. पण खांद्यावर विरली, घडीवर नाही.