पाण्याला प्रमाण कळत नाही



नॅरो गेज म्हणजे काय, हे यवतमाळात समजावून सांगावं लागत नाही. शकुंतला रेल्वे म्हटलं की झालं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही लाइन १९०३ साली सुरू झाली ती कापसासाठी. इथल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या रुळावर चढायच्या, मुंबईला जायच्या आणि तिथून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांकडे. गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं. सत्तर वर्षं त्यानं हा रूळ सोडला नाही. १५ एप्रिल १९९४ रोजी ते उतरवलं गेलं आणि डिझेल आलं.

मी याच लाइनीवरच्या दारव्ह्याचा. तिथल्या मोतीबाग स्टेशनात इंजिन उभं राहिलं की तापलेल्या तेलाचा आणि ओल्या वाफेचा जो वास यायचा, तो डिझेलला कधीच आला नाही. आयुष्यभर मी पोरांना फिटरचं काम शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा घरी एक जुना लहान लेथ होता, एक व्हाइस होता, आणि तो वास डोक्यात होता. लहानसं वाफेचं इंजिन करायचं ठरलं.

हिशोब सोपा वाटला. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला २४ नं भागलं की पावणेबत्तीस येतात, आणि ३२ मिलिमीटर हे तर हौशी इंजिनवाल्यांचं जगभर रुळलेलं माप. मला वाटलं, आता प्रत्येक गोष्ट २४ नं भागत जायचं. सगळी चूक तिथेच होती, आणि आज मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

लांबी २४ नं भागली की पृष्ठभाग ५७६ नं भागला जातो आणि पाणी १३,८२४ नं. म्हणजे उष्णता साठवणारं पाणी फार कमी झालं, उष्णता गमावणारा पत्रा मात्र त्या मानानं चोवीसपट जास्त राहिला. लग्नाच्या पंगतीतलं वरणाचं पातेलं तासभर गरम राहतं आणि वाटीतलं वरण चार घासांत कोमट होतं, ते याच कारणानं. लहान सिलिंडरमध्ये पोचलेल्या वाफेचं दट्ट्या ढकलायच्या आधीच पाणी होतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून सुरू असलेलं. जरूर पाहा. तिथल्या बहुतेक गाड्या विजेवर धावतात, आणि वीज लहान मापातही इमानेइतबारे काम करते. वाफेला लहान करता येत नाही, तिची सोय वेगळी लावावी लागते. ‘एलबीएससी’ या टोपणनावानं ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकात लिहिणाऱ्या इंग्रज कारागिरानं शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं. मोठ्या इंजिनात असतात तितक्या नळ्या बारीक करून त्यानं लहान बॉयलरमध्ये कोंबल्या नाहीत. थोड्या आणि रुंद नळ्या घेतल्या, आणि त्याचं कोळशावरचं चिमुकलं इंजिन माणसाला ओढून नेऊ लागलं.

म्हणून पहिलं इंजिन शकुंतलेची हुबेहूब प्रतिकृती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चार चाकं, दोन डुलणारे सिलिंडर, एक तांब्याचा बॉयलर. बस्स.

बॉयलरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि त्यात गुरू भेटला तो सराफ्यातला एक सोनार. मी फिटर. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की पोलादाच्या जातीप्रमाणे ते कडक होतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. तांबं उलट वागतं. लाल करून बुडवलं की मऊ पडतं, मग ठोकून काठ वळवायचा, ठोकता ठोकता ते पुन्हा ताठरतं, पुन्हा लाल करायचं. दोन्ही टोकांच्या तबकड्या अशा पाच-सहा वेळा भाजून वळवल्या. सांध्याला टाकणखार लावायचा आणि चांदीचा डाक द्यायचा. साधा कथलाचा डाक इथे चालत नाही. तो साधारण १८५ अंशांना वितळतो. अडीच किलो दाबाची वाफच १४० अंशांच्या आसपास असते, आणि पाणी संपून बॉयलर कोरडा पडला तर सांधा हमखास सुटतो. चांदीचा डाक सहाशेच्या पुढे वितळतो. सोनारदादांनी एकच गोष्ट शिकवली. ज्योत डाकावर नाही, तांब्यावर धरायची. तांबं पुरेसं तापलं की डाक आपोआप सांध्यात धावतो. मला हे जमायला एक अख्खा उन्हाळा लागला, आणि यवतमाळच्या मे महिन्यात ज्योतीसमोर बसायचं तर सकाळी सहालाच बसावं लागतं.

घरच्या कुकरची शिटी सुमारे एक किलोला होते. माझं इंजिन अडीचवर चालणार होतं, म्हणजे कसोटी दुप्पट, पाच किलोची. ही कसोटी वाफेनं कधीही घेऊ नका. बॉयलर पाण्यानं काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा ठेवू नका आणि हातपंपानं दाब चढवा. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा गेला तर थेंब गळतो, स्फोट होत नाही. माझा पहिला बॉयलर चार किलोला गळला. मागच्या तबकडीचा सांधा पुन्हा दिला. दुसऱ्यांदा काटा पाचवर गेला आणि वीस मिनिटं तिथेच राहिला. त्या रात्री मी शांत झोपलो.

डुलणारा सिलिंडर मात्र लवकर जमला. त्याला वेगळी झडप नसते. सिलिंडरच डुलतो, त्याचं भोक एकदा वाफेच्या भोकासमोर येतं, एकदा बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर. दोन्ही चेहरे काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट घासले. वंगणाच्या डबीनं मला सर्वांत जास्त आनंद दिला. डबीत वाफेचं पाणी होऊन तळाशी जातं, तेवढंच तेल वर उचललं जातं आणि वाफेबरोबर सिलिंडरात शिरतं. एकही हलता भाग नाही!

अंगणात गोल रूळ मांडला. शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. “काय करून राह्यले भाऊ? चालन का हे?” स्पिरिटचे दिवे पेटवले, काटा चढला, वाफ सोडली. इंजिन हललं नाही. धुराड्यातून नुसतं गरम पाणी उडालं. मी चाकं हातानं पुढे-मागे फिरवत राहिलो, सिलिंडर तापेपर्यंत. मोतीबागेत इंजिन निघताना खालून जो पांढरा फवारा सुटायचा, तो तापत्या सिलिंडरातलं पाणी काढून टाकण्यासाठीच होता, हे मला त्या क्षणी साठ वर्षांनी कळलं.

आणि मग ते माझ्या बोटांतून निसटून निघालं. अंगणभर तोच वास.

अकरा मिनिटं धावलं. गल्लीतली पोरं म्हणाली, पुन्हा. बॉयलर निवल्याशिवाय टोपण उघडायचं नसतं, मी म्हटलं, अर्धा तास थांबा. सगळी रुळाभोवती मांडी घालून बसली. काकूंनी खुर्ची आणली.