भीतीचा दिवस आणि तपासणीचा दिवस



एस.टी. स्थानकाजवळच्या भिंतीवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात वाचली नाही असा मनुष्य महाराष्ट्रात सापडणे कठीण. रोगालाच एकदा गुप्त म्हटले, की त्याची तपासणीही गुप्त होते आणि उपचारातील चूकही गुप्तच राहते. वस्तुतः लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार हे अन्य संसर्गांप्रमाणेच जंतूंचे वा विषाणूंचे आजार होत. प्रत्येकाची चाचणी ठरलेली आहे, आणि ती केव्हा करावी हेही ठरलेले आहे. लोकांची गफलत होते ती या ‘केव्हा’पाशी.

समजा, तासगावकडील एक तरुण द्राक्षांची गाडी घेऊन वाशीच्या बाजारात गेला. माल उतरला, रात्र मोकळी होती. एका अनोळखी स्त्रीशी त्याचा संबंध आला आणि निरोध वापरला गेला नाही. परतीच्या वाटेवर मनाला भीतीने घेरले. तिसऱ्या दिवशी त्याने खाजगी प्रयोगशाळेत एचआयव्हीसाठी रक्त दिले, अहवाल निर्दोष आला आणि तो निश्चिंत मनाने घरी गेला. घरी पत्नी आहे, आणि ती गरोदर आहे.

तिसऱ्या दिवसाचा हा अहवाल त्या रात्रीविषयी काहीच सांगत नाही. तो सांगतो त्याच्या आधीच्या आयुष्याविषयी. नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही, तर विषाणूविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये शोधते. ती दिसू लागण्यास साधारणतः तीन आठवडे ते तीन महिने लागतात. म्हणून अशा संबंधानंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी केल्याशिवाय निर्वाळा देता येत नाही. तोवर पत्नीशी संबंध टाळणे अथवा न चुकता निरोध वापरणे आवश्यक होय.

दैवदुर्विलास असा, की त्याच तिसऱ्या दिवसापर्यंत दुसरे एक काम करण्याजोगे होते आणि ते त्याला ठाऊकच नव्हते. संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास एचआयव्हीची लागण बहुधा टळते. औषध द्यावे की नाही, हे डॉक्टर संबंधाचे स्वरूप पाहून ठरवतात. ७२ तासांनंतर हा मार्ग बंद होतो.

भीतीलाही प्रमाण हवे. जोडीदार संसर्गित असून उपचार घेत नसेल आणि निरोध वापरला नसेल, तरीही एका संबंधातून लागण होण्याचे प्रमाण पुरुषास दर दहा हजारांत सुमारे ४ आणि स्त्रीस सुमारे ८ इतके आढळते. गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्या व्यक्तीस ते सुमारे १३८ पर्यंत जाते. जननेंद्रियावर व्रण असल्यास धोका आणखी वाढतो. तेव्हा एका रात्रीने सर्वनाश झाला असे मानून झोप उडवून घेणे जितके चुकीचे, तितकेच ‘एकदाच तर झाले’ म्हणून तपासणी टाळणेही चुकीचे.

एचआयव्हीच्या धास्तीत इतर आजार विसरले जातात. परम्याची लक्षणे पुरुषात बहुधा दोन ते सात दिवसांत दिसतात. स्त्रीत पुष्कळदा दिसतच नाहीत. गरमी, म्हणजे सिफिलिस, याची चाल अधिक फसवी. सरासरी तीन आठवड्यांनी एक व्रण उठतो, तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. भोंदू वैद्याने दिलेले मलम नेमके याच काळात लावलेले असते. व्रण गेला, वैद्य थोर ठरला आणि रोग रक्तात राहिला! तो पत्नीला होतो आणि पोटातील बाळालाही. वास्तविक आरंभीच्या अवस्थेत पेनिसिलीनचे एक दीर्घ परिणामी इंजेक्शन पुरेसे असते. उपचार मात्र दोघांनीही घ्यावयाचे. कावीळ ‘ब’विरुद्ध लस आहे, ती पूर्वी घेतली नसेल तर अशा प्रसंगानंतर तत्काळ घेणे हितावह.

जिल्हा रुग्णालयात, तसेच अनेक ग्रामीण रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. तेथे एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते. पहिली चाचणी सदोष आली म्हणून निदान झाले असे नव्हे. तीन वेगवेगळ्या चाचण्यांनंतरच ते नक्की होते. लागण ठरलीच, तर औषधेही शासनाकडून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका घटला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्यास लागण होत नाही.

गावातील असा तरुण प्रथम कोणाला विचारतो? पुष्कळदा ओळखीच्या शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला. त्यांनी नाव-गाव, कोण, कुठे याची चौकशी करू नये. ‘किती दिवस झाले?’ एवढे विचारावे. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७ नुसार संमतीविना चाचणी करता येत नाही आणि कोणाची स्थिती संमतीविना उघड करता येत नाही. कायद्याने घातलेले अपवाद मोजके आहेत. सरपंच वा मुख्याध्यापक म्हणून अहवाल मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. तीन दिवस झाले नसतील तर त्याच दिवशी रुग्णालय. अधिक झाले असतील तर समुपदेशन केंद्र. रात्री-अपरात्री प्रश्न आला आणि जवळ कोणी जाणकार नसेल, तर १०९७ हा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे नाव सांगावे लागत नाही.