पिजिनच्या आतली लायब्ररी

१९९८ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकी विद्यार्थ्यानं लिनक्सवरून एओएलच्या मेसेंजरवर बोलता यावं म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. २००७ मध्ये त्याचं नाव ‘पिजिन’ झालं. त्याचं खरं मोल आहे ते आतल्या ‘लिबपर्पल’ या लायब्ररीत. पडद्यावरची बटणं वेगळी, निरोपांची देवाणघेवाण करणारी ही लायब्ररी वेगळी. म्हणूनच मॅकवरचं ‘ॲडियम’ हे मेसेंजरही तीच लायब्ररी वापरू शकलं.

ही लायब्ररी याहू, एमएसएन यांच्या मेसेंजरशीही बोलायची; पण त्यांच्या संदेशांचे नियम खुले नव्हते. पिजिनचे स्वयंसेवक नेटवर्कवरून जाणारा एकेक बाइट न्याहाळत, त्याचा अर्थ ताडत. कंपनीनं नियम बदलला, की पुन्हा पहिल्यापासून! केवढी ही चिकाटी! जॅबर या मेसेंजर-व्यवस्थेचे नियम मात्र २००४ मध्ये ‘एक्सएमपीपी’ या नावानं इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाले. ते वाचून कुणीही आपली लायब्ररी लिहू शकतो.