पहिलें पान

आमच्या घरीं सून सर्वांच्या मागून जेवीत असे. तिला दिवस गेले आणि चेहरा पांढुरका पडला, तेव्हां या मास्तरास धडा मिळाला.

१९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स मुंबईंत आल्या. गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचें मूळ त्यांना आहारांत सांपडलें. यीस्टच्या अर्कानें गुण आला. तें सत्त्व, म्हणजे फोलिक आम्ल, १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढलें गेलें. गर्भाच्या मज्जारज्जूचा पाया पहिल्या चार आठवड्यांतच घातला जातो. म्हणून त्याची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें गर्भधारणेपूर्वींच सुरू करावी. पालेभाजी नित्य असावी. तिचें पाणी फेकूं नये. उसळींतील लोह अंगीं लागावें म्हणून वर लिंबू पिळावें.

परंतु भाजी पातेल्यांत असून काय उपयोग? ती गर्भवतीच्या ताटांत पडली पाहिजे. आतां आमच्याकडे पहिलें पान सुनेचें!