रिकाम्या टेबलांवरचे दिवे



वर्ध्याचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! सेवाग्रामला माती, बांबू नि कवेलूंची बापूकुटी उभी आहे. जाड भिंतींमुळे आत गारवा असतो. आपल्या स्लॅबच्या घरांना ते जमत नाही, मान्य. पण जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी साधारण ३०. एसी एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, २४ पुरे.

ऑफिसातून निघताना मी रिकाम्या टेबलांवरचे मॉनिटर बंद करत जाते. पोरं हसतात, हसू देत. गावाकडे शेताला रात्रपाळीची वीज मिळते, भाऊ बॅटरी घेऊन अंधारात ओलिताला जातो. इथले उजळलेले रिकामे मजले मग मला बघवत नाहीत.